माकडाच्या जठरातल्या पेशी ओळखायच्या आहेत? मायक्रोस्कोप सुरू करण्याआधीची तयारी

रीसस माकडाच्या जठराचा तुकडा लॅबमध्ये येणार असं कळलं की बहुतेक विद्यार्थी पहिल्यांदा मायक्रोस्कोपचं बुकिंग करतात. ते खरं तर सगळ्यात शेवटी करायचं काम. आधी एका कागदावर लिहून काढा: आपल्याला नेमक्या कोणत्या पेशी ओळखायच्या आहेत, त्या जठराच्या कुठल्या भागात सापडतात, आणि ‘ही तीच पेशी’ असं म्हणायला आपण कोणते पुरावे मान्य करणार. इथे पेशी ओळखायच्या त्या अँटीबॉडीने, म्हणजे एका ठरावीक प्रथिनालाच चिकटणाऱ्या आणि चमकणाऱ्या रंगाने दिसणाऱ्या प्रथिनाने; जे प्रथिन असं चमकवायचं ती त्या पेशीची ‘खूण’. हा कागद नसेल तर पडद्यावर हिरवं चमकणारं सगळंच खरं वाटायला लागतं. मी दोन पुरावे आणि जागा असा नियम धरते. म्हणजे पेशीत एक खूण दिसली पाहिजे, जी खूण नसायला हवी ती दिसता कामा नये, आणि पेशी ग्रंथीत जिथे असायला हवी तिथेच असली पाहिजे. तिन्ही जुळल्याशिवाय तिला नाव द्यायचं नाही.

परवानग्यांचं काम लवकर हाती घ्या, कारण त्याला वेळ लागतो. भारतात प्राण्यांवरच्या प्रयोगांची देखरेख 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेल्या समितीकडे आहे. पूर्वी तिला सीपीसीएसईए म्हणत, आता सीसीएसईए म्हणतात. उंदराचा प्रस्ताव संस्थेच्या नीतिसमितीत मंजूर होतो, माकडाचा मात्र पुढे या समितीकडे जातो. तुकडा परदेशातून येणार असेल किंवा तिकडे जाणार असेल तर साइट्सचे, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराचे, कागद लागतात. रीसस ज्यात येतं त्या मकाक गटातली बहुतेक माकडं त्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत आणि आपल्याकडचं काळ्या तोंडाचं वानर पहिल्यात. नुसती स्लाइड किंवा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला ऊतीचा ठोकळा, असला तरी तो नमुनाच धरला जातो, हे लक्षात ठेवा. भारताने माकडांची निर्यात 1978 पासून बंद केली, त्यामुळे ‘तिकडच्या ओळखीच्या लॅबला दोन स्लाइड पाठवून देऊ’ असं परस्पर ठरवता येत नाही. आणि सर्वात आधी हे विचारा की हा प्रयोग आधीच साठवलेल्या ऊतीवर भागेल का. दुसऱ्या कुणाच्या मंजूर प्रयोगाअखेर मिळालेलं जठर, एखाद्या बँकेतला जुना ब्लॉक, असं काही मिळत असेल तर नवा प्राणी मागू नका. यावर माझं मत ठाम आहे. माकडाच्या ऊतीचा प्रत्येक सेक्शन, म्हणजे पातळ काप, कुणाच्या तरी आयुष्याच्या किमतीवर आपल्या हातात येतो, आणि पुढची सगळी काटेकोर तयारी त्यासाठीच आहे.

तुकड्याबरोबर माकडाची माहितीही मागून घ्या. वय, नर की मादी, शेवटचं खाणं कधी झालं, भूल कशाची दिली, आम्ल कमी करणारी औषधं चालू होती का. वय विचारायचं ते लिपोफ्युसिनसाठी. म्हाताऱ्या माकडाच्या पेशींत हे पिवळट रंगद्रव्य साठत जातं आणि जवळजवळ प्रत्येक फिल्टरमध्ये स्वतःच चमकतं. जंतुसंसर्गाचंही विचारा. रीसस माकडांना हेलिकोबॅक्टर पायलोरीचा संसर्ग नैसर्गिकरीत्या होतो. वॉरेन आणि मार्शल यांनी 1982 मध्ये माणसाच्या जठरातून वाढवला तोच हा जंतू. संसर्गाने सुजलेल्या जठरात आम्ल स्रवणाऱ्या परायटल पेशी कमी होऊ शकतात आणि ग्रंथीच्या तळाशी, जिथे पाचक विकरं बनवणाऱ्या चीफ पेशी असायच्या तिथे, ग्रंथीच्या मानेतल्या (मधल्या अरुंद भागातल्या) श्लेष्मल पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशी येऊ शकतात. ‘निरोगी जठर’ म्हणून अशी स्लाइड हाती आली आणि ही माहिती नसली, तर ओळख चुकणारच.

सुरक्षिततेबद्दल जरा थांबून सांगते. मकाक माकडांत बी विषाणू असतो. माकडाला त्याचा फारसा त्रास होत नाही, माणसाला मात्र तो मेंदूपर्यंत पोहोचून जीव घेऊ शकतो. 1997 मध्ये अमेरिकेतल्या एका प्राणी-केंद्रात काम करणाऱ्या तरुणीच्या डोळ्यात माकडाच्या अंगावरचा काही अंश उडाला आणि त्यातून झालेल्या संसर्गाने ती दगावली. म्हणून ताज्या किंवा नुसत्या गोठवलेल्या ऊतीवर काम करताना हातमोज्यांबरोबर डोळे झाकणारा चष्मा आणि तोंडासमोर ढाल हवीच. डोळे धुण्याचं यंत्र चालू आहे ना, हे आदल्या दिवशी पाहून ठेवा. फॉर्माल्डिहाइडमध्ये नीट मुरलेल्या ऊतीचा धोका खूपच कमी. त्यामुळे शक्य असेल तर गोठवण्याआधी फिक्स करण्याची, म्हणजे रसायनात मुरवून ऊती आहे तशी टिकवण्याची, पद्धत निवडा.

आता तुकडा घेण्याची वेळ. जठराचं अस्तर इतर अवयवांपेक्षा लवकर बिघडतं, कारण पेप्सिन हे प्रथिनं पचवणारं विकर आणि आम्ल तिथे आधीच हजर असतात. रक्तपुरवठा थांबला की अस्तर स्वतःलाच पचवायला लागतं. म्हणून बर्फ, थंड बफर, फिक्सेटिव्ह, टाचण्या आणि मेणाची किंवा बुचाची पाटी हे सगळं प्राणी-कक्षात आधीच मांडलेलं असावं. जठर मोठ्या वक्रतेच्या बाजूने उघडायचं, थंड बफरने हलक्या हाताने धुवायचं, घासायचं मात्र नाही. मग अस्तर वर ठेवून पाटीवर टाचण्यांनी सपाट पसरायचं. फिक्स होताना ऊती आक्रसते आणि गुंडाळते, आणि एकदा गुंडाळली की ग्रंथी उभी कापता येत नाही. तिरक्या कापलेल्या सेक्शनमध्ये ग्रंथीचं तोंड, मान आणि तळ एका ओळीत दिसत नाहीत, म्हणजे ‘जागा’ हा आपला तिसरा पुरावाच हातचा जातो.

कुठला तुकडा कुठला, हे त्याच क्षणी लिहा. अन्ननलिकेजवळचा भाग, जठराचा मुख्य भाग आणि आतड्याकडे जाणारा अँट्रम, या तिघांची वस्ती वेगवेगळी. मुख्य भागात परायटल आणि चीफ पेशी दाट असतात. अँट्रममध्ये श्लेष्मा करणाऱ्या ग्रंथी आणि गॅस्ट्रिन हे संप्रेरक स्रवणाऱ्या पेशी. कागदावर जठराची आकृती काढून प्रत्येक तुकड्याची जागा त्यावर खूण करून ठेवा. ‘जठर 1, जठर 2’ अशा नावांनी पुढे काहीही कळत नाही. जिवंत माकडाकडून एंडोस्कोपीने तुकडा घेतला असेल तर तो दोन-तीन मिलिमीटरचाच येतो आणि अनेकदा वरवरचा. त्यात ग्रंथीचा तळ नसेल तर चीफ पेशी दिसल्या नाहीत यावरून कुठलाच निष्कर्ष काढू नका.

फिक्स करायला 4 टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड बहुतेक कामांना पुरतं. ते ताजं असावं, तुकडा पातळ असावा आणि रात्रभर 4 अंशांवर ठेवावा. ग्लुटराल्डिहाइड टाळा, त्याने ऊती स्वतःच चमकायला लागते. श्लेष्म्याचा थर जसाच्या तसा पाहायचा असेल तर पाण्यातले फिक्सेटिव्ह चालत नाहीत, तो थर आकसून धुऊन जातो. त्यासाठी एक तुकडा वेगळा काढून कार्नॉयसारख्या निर्जल द्रावणात टाका. गोठवून कापायचं असेल तर आधी 30 टक्के साखरेच्या द्रावणात तुकडा तळाशी बसेपर्यंत मुरवायचा. मेणात बसवायचं असेल तर पुढे अँटिजेन, म्हणजे अँटीबॉडी जिथे चिकटते तो भाग, मोकळा करण्यासाठी सिट्रेट बफर, पीएच 6, किंवा ट्रिस-ईडीटीए, पीएच 9, यांतलं कोणतं आपल्या अँटीबॉडीला मानवतं ते चाचणीच्या स्लाइडवर आधी पाहा. अ‍ॅक्टिन दाखवणारं फॅलॉइडिन वापरायचं असेल तर मेण नकोच, अल्कोहोलमध्ये अ‍ॅक्टिनची ठेवण बिघडते.

या तयारीचा गाभा म्हणजे खुणांची निवड. इथे सर्वात जास्त वेळ द्या. जठराच्या पेशींवरचं बरंचसं काम उंदरावर झालंय आणि प्रयोगाच्या तयार कृती त्यातूनच येतात. त्या माकडावर डोळे झाकून लावू नका. ठळक उदाहरण इंट्रिन्सिक फॅक्टरचं. बी-12 जीवनसत्त्व शोषायला लागणारं हे प्रथिन उंदरात चीफ पेशी बनवतात, म्हणून उंदराच्या स्लाइडवर ते चीफ पेशींची खूण म्हणून वापरतात. माणसात आणि माकडात मात्र ते परायटल पेशींत असतं. उंदराची कृती तशीच उचलली, तर तुमच्या सगळ्या ‘चीफ’ पेशी परायटल निघतील, आणि चित्रं अगदी सुबक दिसत असल्यामुळे कुणाला शंकाही येणार नाही. चरबी पचवणाऱ्या लायपेजचंही असंच उलटसुलट. माणसात जठरातलं लायपेज चीफ पेशी बनवतात, उंदरात ते काम जिभेच्या मुळाशी असलेल्या ग्रंथी करतात.

परायटल पेशीसाठी सर्वात भरवशाची खूण म्हणजे प्रोटॉन पंप, म्हणजे हायड्रोजन-पोटॅशियम एटीपेज. ओमेप्राझोलसारखी औषधं ज्यावर काम करतात तोच हा पंप. त्याच्या अल्फा किंवा बीटा भागाची अँटीबॉडी घ्या. पेशी मोठी असते, 20-25 मायक्रॉनची, ग्रंथीच्या भिंतीतून बाहेरच्या बाजूला फुगलेली, पिरॅमिडसारखी. उपाशी माकडात पंप पेशीभर बारीक पिशव्यांत विखुरलेला असतो, म्हणून केंद्रकाची जागा सोडून सगळी पेशी दाणेदार भरलेली दिसते. आम्ल स्रवण्याच्या वेळी तोच पंप पेशीच्या आतल्या नागमोडी नलिकांच्या भिंतींवर जातो, आणि आत उजळ कडांच्या वळणावळणाच्या वाटा दिसायला लागतात. शेवटचं खाणं कधी झालं हे विचारायला सांगितलं ते याचसाठी.

चीफ पेशींसाठी पेप्सिनोजेन, म्हणजे पेप्सिनचं आधीचं रूप, घ्या, पण एकट्याच्या भरवशावर राहू नका. पेप्सिनोजेनचे दोन प्रमुख प्रकार आहेत. पहिला मुख्य भागातल्या चीफ पेशींत आणि मानेच्या श्लेष्मल पेशींतही सापडतो. दुसरा त्याशिवाय अँट्रममध्ये आणि आतड्याच्या सुरुवातीच्या ब्रुनर ग्रंथींतही. म्हणजे नुसता पेप्सिनोजेन दिसला तर ती चीफ पेशी असेल किंवा मानेची. सोबत मानेच्या पेशींची खूण लावायची, म्हणजे एमयूसी6 किंवा टीएफएफ2 ही श्लेष्म्यातली प्रथिनं. पेप्सिनोजेन आहे, एमयूसी6 नाही आणि पेशी तळाशी आहे, तेव्हाच तिला चीफ म्हणा. दोन्ही असलेल्या पेशी मान आणि तळाच्या सीमेवर सापडतील. त्यांना ओढूनताणून एका गटात ढकलू नका, वेगळ्या मोजा. पृष्ठभागावरच्या आणि खळग्यांतल्या श्लेष्मल पेशींसाठी एमयूसी5एसी पुरेसं आहे. अंतःस्रावी पेशी लहान आणि विरळ असतात. सगळ्या एकदम पाहायला क्रोमोग्रॅनिन ए चालतं. नेमक्या हव्या असतील तर अँट्रममध्ये गॅस्ट्रिन आणि मुख्य भागात घ्रेलिन हे भूक लावणारं संप्रेरक. घ्रेलिन जपानी संशोधकांनी 1999 मध्ये जठरातूनच शोधून काढलं.

लेक्टिन वापरणार असाल तर आणखी सावध राहा. ही वनस्पतींतली, विशिष्ट साखरेला चिकटणारी प्रथिनं. ग्रिफोनियाचं जीएस-2 लेक्टिन मानेच्या पेशींना धरतं आणि माकडातही ते कामाचं आहे. डीबीए हे लेक्टिन आपल्या कुळथाचं, म्हणजे देशावर ज्याला हुलगे म्हणतात त्याचं. उंदरात ते परायटल पेशी दाखवतं, म्हणून अनेक कृतींमध्ये त्याच नावाने येतं. पण ते ज्या साखरेला चिकटतं ती ए रक्तगटाच्या खुणेतही असते, आणि मकाक माकडांत हे रक्तगट लाल पेशींपेक्षा अस्तराच्या पेशींत आणि स्रावांत दिसतात. ए गटाच्या प्राण्यात श्लेष्मल पेशी चमकल्या तर गोंधळ ठरलेला. माझा सल्ला असा की माकडात परायटल पेशींसाठी डीबीए वापरूच नका, प्रोटॉन पंप आहे ना. लेक्टिनसाठी बफरमध्ये कॅल्शियम हवं, म्हणून फॉस्फेट बफरऐवजी हेपीस किंवा ट्रिस घ्या. ब्लॉकिंगला, म्हणजे नको तिथलं चिकटणं आधीच थांबवायला, सीरम वापरू नका, त्यातल्या साखरयुक्त प्रथिनांनाच लेक्टिन चिकटून बसतं.

वानराचं जठर मिळालं तर ही सगळी आखणी नव्याने करावी लागेल. पानं खाणाऱ्या या वानराच्या जठराला कप्पे असतात, पुढच्या मोठ्या कप्प्यात जंतू पाला आंबवतात आणि आम्लाचं काम शेवटाकडच्या भागात चालतं. त्याच्या जठरात पचनाचं काम करणारं लायसोझाइम गायीच्या लायसोझाइमसारखं कसं बदलत गेलं, हे 1987 मध्ये दाखवलं गेलं. फार सुंदर विषय आहे, पण रीससचा नकाशा त्याला लागू पडणार नाही.

रंगांची वाटणी कागदावर करा. केंद्रकांसाठी डीएपीआय निळ्यात, मग 488, 568 आणि 647 नॅनोमीटरच्या जवळपासचे रंग, म्हणजे हिरवा, लाल आणि गडद लाल. प्रत्येक रंग वेगळा टिपला जातो, त्यालाच चॅनेल म्हणतात. इथे जठराची एक अडचण आहे. परायटल पेशी मायटोकाँड्रियांनी गच्च भरलेली असते, आणि त्यातल्या फ्लेविनमुळे ती काहीही न लावता हिरव्या चॅनेलमध्ये मंद उजळते. ग्रंथींमधल्या जागेतल्या इओसिनोफिल पेशीही तशाच, आणि लाल रक्तपेशीही. म्हणून हिरव्या चॅनेलमध्ये तुमची सर्वात बळकट खूण टाका, म्हणजे प्रोटॉन पंप. विरळ आणि कमजोर खूण, समजा घ्रेलिन, 647 मध्ये टाका. तो प्रकाश डोळ्याला जवळपास दिसत नाही, कॅमेऱ्याला मात्र स्वच्छ दिसतो आणि तिथे ऊतीची स्वतःची चमक सर्वात कमी असते. वयस्क माकडाच्या ऊतीवर 70 टक्के अल्कोहोलमधलं 0.1 टक्के सुदान ब्लॅक अँटीबॉडीनंतर लावलं तर लिपोफ्युसिन झाकलं जातं. त्यानंतर डिटर्जंटने धुऊ नका, ते निघून जाईल. सुदान ब्लॅक स्वतः तांबड्याकडे थोडी चमक आणतं, म्हणून दोन्ही गरजा एका स्लाइडवर भागत नसतील तर स्लाइड वेगळ्या ठेवा.

खुणेला चिकटते ती प्रायमरी अँटीबॉडी, आणि त्या प्रायमरीला धरणारी, रंग जोडलेली ती सेकंडरी. सेकंडरी अँटीबॉडी घेताना तिच्या माहितीपत्रकात एक गोष्ट शोधा: ती माणसाच्या इम्युनोग्लोब्युलिनविरुद्ध, म्हणजे माणसाच्या स्वतःच्या अँटीबॉडींविरुद्ध, शोषून साफ केलेली आहे का. नसेल तर माकडाच्या ऊतीतल्या, अँटीबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशी चमकतील, आणि जठराच्या अस्तरात त्या भरपूर असतात. बायोटिन या जीवनसत्त्वाला स्ट्रेप्टाव्हिडिन घट्ट चिकटतं यावर बेतलेली बायोटिन-स्ट्रेप्टाव्हिडिनची पद्धत शक्यतो टाळाच. परायटल पेशींत स्वतःचं बायोटिन पुष्कळ असतं, त्यामुळे कुठलीही प्रायमरी लावली तरी परायटल पेशीच ‘सापडतात’. पर्याय नसेल तर आधी अव्हिडिन आणि मग बायोटिन लावून ते बंद करून घ्या.

कंट्रोलच्या, म्हणजे तुलनेसाठीच्या, स्लाइड खऱ्या नमुन्याच्या बरोबरीने, त्याच दिवशी, त्याच ट्रेमध्ये करायच्या. काहीच न लावलेली एक, म्हणजे ऊतीची आपली चमक कळते. फक्त सेकंडरी लावलेली एक. प्रत्येक रंग एकटा लावलेली एकेक, म्हणजे एका चॅनेलमधून दुसऱ्यात काय सांडतं ते दिसतं. प्रायमरी ज्या प्राण्याची त्याचंच साधं इम्युनोग्लोब्युलिन लावलेली एक. लेक्टिनसाठी त्याची साखर मिसळलेली एक, जीएस-2 असेल तर एन-असिटिलग्लुकोसामाइन. आणि माझ्या मते सर्वात मोलाची स्लाइड म्हणजे अँट्रमपासून लहान आतड्यापर्यंत जाणारी एकसंध पट्टी. तिच्यात एमयूसी5एसी जठराच्या बाजूला भरभरून असतं आणि आतड्याशी संपतं, पलीकडे श्लेष्मा करणाऱ्या गॉब्लेट पेशींत एमयूसी2 सुरू होतं आणि खाली ब्रुनर ग्रंथींत एमयूसी6 दिसतं. स्नायूंचा थर मात्र काळाच राहायला हवा. ही पट्टी नीट आली नाही तर बाकीच्या स्लाइड बघण्यात अर्थ नाही.

मायक्रोस्कोपची तयारी त्या मानाने थोडकी. कव्हरस्लिप 0.17 मिलिमीटरची, म्हणजे 1.5 क्रमांकाची. तेल लेन्सला चालणारं. पाऱ्याचा दिवा असेल तर त्याचे किती तास झाले ते पाहा. फिल्टर तुमच्या रंगांशी जुळतात ना, ते तपासा. सेक्शन पातळ, 5 मायक्रॉनच्या आसपास असावेत. जाड सेक्शनमध्ये साध्या मायक्रोस्कोपखाली परायटल पेशी चीफ पेशीवर आली की एकाच पेशीत दोन्ही खुणा असल्यासारखं दिसतं. अशी पेशी सापडली तर कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर थराथराने पाहिल्याशिवाय नोंदवू नका. एक्स्पोजर कंट्रोलच्या स्लाइडवर ठरवा आणि मग सगळ्या स्लाइडना तेच ठेवा. मूळ फाइल जशीच्या तशी जपा. छापताना लाल-हिरव्याऐवजी जांभळट-हिरवा वापरा, म्हणजे रंगांधळ्या वाचकालाही कळेल.

मोजणीचे नियम फोटो काढण्याआधी लिहा. 5 मायक्रॉनच्या सेक्शनमध्ये 25 मायक्रॉनची पेशी अनेकदा केंद्रकाशिवाय कापली जाते, म्हणून केंद्रक दिसेल तीच पेशी मोजायची. तोंडापासून तळापर्यंत अखंड दिसणाऱ्या ग्रंथीच घ्यायच्या. मोजणाऱ्याला कुठली स्लाइड कुठल्या माकडाची हे कळता कामा नये, म्हणून दुसऱ्या कुणाकडून सांकेतिक क्रमांक टाकून घ्या. आणि एका माकडाच्या शंभर ग्रंथी मोजल्या तरी आकडेमोडीत ते एकच माकड असतं.

काम झाल्यावर ब्लॉक फेकू नका. किती सेक्शन कापले, किती उरले, कुठल्या भागाचा, कशात फिक्स केलेला, कुठल्या फ्रीझरच्या कुठल्या खणात ठेवलाय, हे नोंदवहीत लिहा आणि संस्थेतल्या इतर गटांना त्याची यादी पाठवा. पुढच्या वेळी कुणाला माकडाचं जठर हवं असेल तर त्यांनी आधी या यादीत पाहावं.